माल भिजला, फुटला, हरवला : भरपाईचा दावा कशावर टिकतो?

ऑगस्ट २०२४च्या अखेरच्या आठवड्यात वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. वस्तीत शिरलेल्या मगरींची दृश्ये देशभर पाहिली गेली. अशा पुरात केवळ घरांचे आणि दुकानांचेच नुकसान होते असे नाही. हुंडेकऱ्याच्या गोदामात पुढच्या ट्रकची वाट पाहत पडलेला मालही भिजतो. तो माल पाठवणाऱ्याच्या हातून सुटलेला असतो आणि घेणाऱ्याच्या हाती पोहोचलेला नसतो. मग नुकसान सोसायचे कोणी?

हा प्रश्न गोव्यापासून दूरचा नाही. औषधनिर्मितीसाठी लागणारी रसायने, प्लास्टिकचा कच्चा माल, विद्युत उपकरणे अशा अनेक वस्तूंसाठी वडोदरा आणि त्याच्या आसपासचा औद्योगिक पट्टा ओळखला जातो. तेथून निघालेला माल भरूच, सुरत, वापी असा प्रवास करत मुंबईच्या परिसरात येतो, पुष्कळदा भिवंडीसारख्या ठिकाणी एका ट्रकमधून दुसऱ्यात चढतो आणि मग कोकणातून किंवा घाट उतरून वेर्णा, कुंडई, म्हापसा, मडगाव येथे पोहोचतो. सुमारे हजार किलोमीटरच्या या वाटेवर चढ-उतार जितके अधिक, तितकी गळती, फूट आणि चुकामूक अधिक. माल बिघडला की व्यापारी प्रथम हुंडेकऱ्याला दूरध्वनी करतो. ‘बघतो, साहेबांशी बोलतो’ असे उत्तर मिळते आणि महिने निघून जातात. कायद्याचे घड्याळ मात्र तेवढ्या काळात थांबलेले नसते.

कायदा मालवाल्याच्या बाजूने कुठे आहे?

रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला आज ‘रस्ता वाहतूक अधिनियम, २००७’ लागू आहे. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि त्याने १८६५ सालचा ब्रिटिशकालीन वाहक कायदा मोडीत काढला. जुन्या कायद्यातील एक तत्त्व मात्र नव्या कायद्याने जपले. वाहकाच्या ताब्यात असताना माल हरवला, बिघडला किंवा पोहोचलाच नाही, तर दावा करणाऱ्याला वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. माल सुस्थितीत सोपवला होता आणि तो तसा मिळाला नाही, एवढे दाखवले की उत्तर देण्याचा भार वाहकावर जातो. यामागचे कारण साधे आहे. ट्रक रात्री कुठे उभा होता, ताडपत्री कोणी बांधली, गोदामात माल कसा रचला होता, हे मालवाल्याला कळण्याचा मार्गच नसतो.

वाहकाला जबाबदारीतून सूट मिळते ती मोजक्या कारणांसाठी : दैवी आपत्ती, युद्ध किंवा शत्रूचे कृत्य, दंगल व नागरी क्षोभ, कायदेशीर कारवाईत झालेली जप्ती किंवा अटकाव, आणि केंद्र वा राज्य सरकारचा मनाई आदेश. याच कलमाला, म्हणजे कलम १७ला, एक महत्त्वाचे परंतुक जोडलेले आहे. योग्य दक्षता घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसले तर या कारणांचाही आधार वाहकाला मिळत नाही.

वडोदऱ्याचा पूर या परंतुकाच्या कसोटीला लावून पाहता येतो. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि तेव्हाही विश्वामित्रीने शहर वेढले होते. पाच वर्षांनी तीच नदी पुन्हा चढली. अशा शहरात सखल जागी गोदाम ठेवणाऱ्याने माल जमिनीवर रचला होता की उंच फळ्यांवर, इशारा मिळाल्यावर तो हलवण्याचा प्रयत्न केला की नाही, हे प्रश्न विचारले जाणारच. पूर आला म्हणजे वाहक आपोआप सुटला, असे नाही. अचानक आलेल्या आणि कोणत्याही दक्षतेने न टळणाऱ्या पुरात मात्र तो सुटू शकतो. दोन्ही शक्यता उघड्या असतात. निकाल तथ्यांवर ठरतो.

दुसरी घटना अधिक दुःखद आहे. ९ जुलै २०२५ रोजी वडोदरा जिल्ह्यातील पादरा तालुक्यात, मही नदीवरील गंभीरा पुलाचा भाग कोसळला आणि ट्रकसह अनेक वाहने नदीत पडली. वीसहून अधिक लोकांचा बळी गेला. त्या मनुष्यहानीपुढे मालाचा विचार गौण ठरतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न उरतोच. पूल कोसळणे हे कारण कलम १७च्या यादीत नावानिशी नाही. ते दैवी आपत्तीत बसते की देखभालीच्या अभावात, यावर वाद होऊ शकतो. सूट मागणाऱ्या वाहकालाच ते यादीत बसवून दाखवावे लागेल.

पावतीवर छापलेले ‘माल मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द वाचून अनेक व्यापारी दावा करण्याचा विचारच सोडून देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, गोदामातील आगीत माल जळाल्याच्या एका प्रकरणात, जुन्या कायद्याखाली स्पष्ट केले की अशी अट वाहकाला त्याच्या निष्काळजीपणाच्या परिणामांतून सोडवत नाही.

भाड्याच्या दहापट, त्याहून अधिक नाही

येथवरचे वाचून दिलासा वाटेल. पण याच कायद्यात भरपाईला कुंपणही आहे. जादा जोखीम दर भरलेला नसेल, तर २०११च्या नियमांनुसार वाहकाची जबाबदारी वाहतूक भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते आणि ती घोषित किमतीपेक्षा जास्त होत नाही.

एक उदाहरण घेऊ. म्हापशाच्या दुकानदाराने वडोदऱ्याहून तीन लाख रुपयांची विद्युत उपकरणे इतर मालासोबत सुट्या भाराने मागवली आणि भाडे अडीच हजार रुपये झाले. सगळा माल भिजून निकामी झाला, तरी सर्वसाधारण दराने वाहकाकडून मिळू शकणारी रक्कम पंचवीस हजार रुपये. उरलेल्या पावणेतीन लाखांसाठी दोनच मार्ग असतात, आणि दोन्ही माल निघण्यापूर्वीचे आहेत. एक, पाठवणीच्या पत्रकात खरी किंमत लिहून वाहकाशी जादा जोखीम दर ठरवणे. दुसरा, देशांतर्गत वाहतूक विमा उतरवणे. भाडे कमी व्हावे म्हणून किंमत कमी दाखवणाऱ्याने आपली भरपाईही स्वतःच्या हाताने कमी केलेली असते. बिलावर एक किंमत आणि पत्रकात दुसरी, अशी तफावत तर दाव्याचा पायाच हलवते.

वाहकाच्या कर्मचाऱ्यांच्या गुन्हेगारी कृत्याने, उदाहरणार्थ चालकानेच माल विकल्याने, झालेल्या नुकसानीची तरतूद कायद्यात स्वतंत्रपणे आहे. त्यामुळे चोरी वा अपहाराचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवण्यात दिरंगाई करू नये.

सही करण्यापूर्वीची पाच मिनिटे

दाव्याचा सर्वांत मोठा पुरावा माल उतरतो त्या क्षणी तयार होतो किंवा कायमचा हातचा जातो. चालकाला घाई असते, हमाल खोळंबलेले असतात आणि पोच पावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली दुकानातील मुलगा सही करून मोकळा होतो. पुढे न्यायालयात हीच सही मालवाल्याच्या विरोधात उभी राहते.

म्हणून सहीपूर्वी नग मोजावेत आणि खोक्यांची बाहेरील अवस्था पाहावी. पूर्ण ट्रक असेल तर दरवाजाचे सील शाबूत आहे का आणि त्यावरील क्रमांक कागदाशी जुळतो का, हे तपासावे. वजनात शंका असेल तर काट्यावर वजन करून चिठ्ठी घ्यावी. दोष आढळला तर पोच पावतीच्या दोन्ही प्रतींवर शेरा लिहावा आणि चालकाची सही घ्यावी. ‘माल खराब’ एवढे पुरेसे नाही. ‘४० पैकी ६ खोकी भिजलेली, २ फुटलेली, १ नग कमी’ असा मोजमापाचा शेरा हवा. चालकाने सही नाकारली तर ते नाकारणेही लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी वाहकाच्या कार्यालयाला ई-मेल करावा. ट्रकचा क्रमांक दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. बाहेरून धड दिसणारे खोके उघडल्यावर आतील वस्तू फुटलेली निघाली, तर वेष्टनासह ती तशीच ठेवून लगेच कळवावे. पाहणी होण्यापूर्वी खराब माल टाकून दिला, तर नुकसान दाखवायला काही उरत नाही.

१८० दिवस, पण कोणत्या दिवसापासून?

वाहकावर दावा दाखल करण्यापूर्वी लेखी नोटीस देणे कलम १६नुसार बंधनकारक आहे, आणि ती १८० दिवसांत द्यावी लागते. बहुतेकांची चूक होते ती हे दिवस मोजताना. १८६५च्या कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती. पण ती नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून मोजली जाई. नव्या कायद्यात ती माल नोंदवल्याच्या तारखेपासून मोजली जाते. माल उशिरा पोहोचला, गोदामात अडकला किंवा नुकसान नंतर कळले, तरी घड्याळ वडोदऱ्यात पावती फाडली त्या दिवशीच सुरू झालेले असते. १ मार्चला नोंदवलेल्या मालाची मुदत २८ ऑगस्टला संपते.

दूरध्वनीवरची बोलणी म्हणजे नोटीस नव्हे. पावतीचा क्रमांक व तारीख, मालाचे वर्णन, नुकसानीचा तपशील आणि मागितलेली रक्कम लिहून, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. सोबत एल.आर. म्हणजेच बिल्टी, बिल, ई-वे बिल, शेरा असलेली पोच पावती आणि छायाचित्रे यांच्या प्रती जोडाव्यात. रक्कम पक्की नसेल तर अंदाजित लिहावी. हिशेब पूर्ण होण्याची वाट पाहत मुदत घालवू नये. दिवाणी दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते.

विमा उतरवलेल्यांनीही ही नोटीस टाळू नये. विमा कंपनी भरपाई दिल्यानंतर मालवाल्याच्या जागी उभी राहून वाहकाकडून वसुली करते. मालवाल्याने नोटिशीची मुदत चुकवली तर तो वसुलीचा हक्कच निकामी होतो, आणि त्यावरून विमा कंपनी दाव्याच्या रकमेवर आक्षेप घेऊ शकते. त्यामुळे विमा कंपनीला तत्काळ कळवून सर्वेक्षकाची पाहणी मागणे आणि वाहकाला नोटीस देणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

दाद कुठे मागायची?

व्यवसायासाठी पाठवलेल्या मालाचा तंटा सामान्यतः ग्राहक आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. वडोदऱ्यातील घर आवरून गोव्यात सामान आणणारे कुटुंब मात्र ग्राहक म्हणून आयोगाकडे जाऊ शकते, आणि ती तक्रार दोन वर्षांत करावी लागते. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाही ग्राहक कायद्याचे दार बंद नाही.

पावतीवर ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयातच’ असेही छापलेले असते. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या एका वाहतूक कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ही अट निष्प्रभ ठरवली. दाव्याचे कारण जेथे घडले तेथेच कंपनीची शाखा असेल, तर केवळ मुख्य कार्यालयाच्या शहराला छापील अटीने अधिकार मिळत नाही. अट वाचून माघार घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

माल रेल्वेने आला असेल तर वाट वेगळी आहे. १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत रेल्वे प्रशासनाकडे लेखी मागणी करावी लागते आणि वाद दिवाणी न्यायालयात नव्हे, तर रेल्वे दावे न्यायाधिकरणात जातो. मोजणीची सुरुवात येथेही माल सोपवण्याच्या दिवसापासूनच होते.

पावसाळ्यात नदी चढणार, घाटात दरड कोसळणार आणि ट्रक अडकणार. ते व्यापाऱ्याच्या हाती नाही. पाठवणीच्या पत्रकातील किंमत, पोच पावतीवरील शेरा आणि नोटिशीची तारीख या तीन गोष्टी मात्र त्याच्याच हाताने लिहिल्या जातात. वडोदऱ्याहून माल निघाल्याचा निरोप येताच नोंदणीची तारीख आणि तिच्यापुढचा एकशे ऐंशीवा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवला, तर पुढची बरीच धावपळ वाचेल.