एकाच कळीवरचे दोन ‘क’

कोलकात्यातल्या डमडमच्या घरातून मी रोज दोन भाषांत ईमेल लिहिते. साताऱ्याला आईला मराठीत आणि आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना बंगालीत. पडद्याच्या कोपऱ्यातली भाषा बदलते, बोटं मात्र जागची हलत नाहीत. इंग्रजी ‘के’ची कळ दाबली की मराठीत क उमटतो, आणि बंगालीतही क-च! हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका कळीशीच खेळत बसले होते.

या मांडणीचं नाव इन्स्क्रिप्ट. डाव्या हाताशी स्वर, उजव्या हाताशी व्यंजनं. देवनागरी आणि बंगाली या दोघी ब्राह्मीच्याच लेकी, म्हणून दोघींची वर्णमाला एकाच ओळीने चालते. ती ब्राह्मी जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली उलगडली तीही याच कोलकात्यात.

१९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये या नात्याचं संगणकासाठी सोनं झालं. लिप्या कितीही असोत, क ची जागा एकच, असा ‘इस्की’ नावाचा संकेत तयार झाला. १९९१मध्ये तो भारतीय मानक ठरला. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने भारतीय लिप्यांची घरं त्याच्याच १९८८च्या आराखड्यावर बांधली. म्हणून आपल्या क चा क्रमांक २३२५ आणि बंगाली क चा २४५३. फरक १२८. ख घ्या, म घ्या, ह घ्या, फरक तोच.

‘को’ टाइप करून पाहा. आधी क, मग ओकार. मराठीत काना-मात्रा गुपचूप उजवीकडे येऊन बसते. बंगालीत त्याच ओकाराचे दोन तुकडे होतात, एक क च्या अलीकडे उडी मारतो, दुसरा पलीकडे. स्मृतीत मात्र दोन्हीकडे क्रम तोच: आधी क, मग ओकार. आपण उच्चारतो तसा.

पुढचा प्रवास तर थक्क करणारा. ईमेल मुळात इंग्रजी अक्षरांपुरतीच घडली होती. इतर लिप्यांसाठी १९९२मध्ये ‘माइम’ नावाचे नियम आले. आजही पुष्कळदा आपलं अक्षर इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा वेष घेऊन जातं. एकटा मराठी क निघाला तर तो होतो ‘४, के, एस, व्ही’. बंगाली क होतो ‘४, के, ए, व्ही’, त्यातला ए तेवढा लहान लिपीतला. चारातलं एकच चिन्ह वेगळं, आणि तेवढ्यावर माझं पत्र साताऱ्याचं की शेजारच्या जिन्यातलं, हे ठरतं! डमडमला हे नवीन नाही. इथल्याच एचएमव्हीच्या कारखान्यात मराठी भावगीतं आणि रवींद्रसंगीत यांच्या तबकड्या दाबल्या जात. वरचं लेबल झाकलं तर दोन्ही तितक्याच काळ्या, तितक्याच गोल.

पण सारंच जुळत नाही, आणि मला सर्वांत जास्त आवडते ती हीच जागा. बंगालीत ळ नाही. आपला ळ २३५५ क्रमांकावर. त्यात १२८ मिळवले की येतं बंगालीतलं २४८३ क्रमांकाचं घर. ते रिकामं आहे. कुणाला दिलं नाही, मोडूनही टाकलं नाही. आईच्या प्रत्येक पत्रात शेवटी ‘काळजी घे’ असतं. ते वाचताना मला दर वेळी ते घर आठवतं.