भार-सरासरी, संगणकीय
भार-सरासरी, संगणकीय : चालू संगणक प्रणालीवरील कामाचा ताण दर्शविणारे मूल्य. युनिक्स व तत्सम प्रणालींत कळफलकावरून ‘अपटाइम’ अथवा ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता मागील १, ५ व १५ मिनिटांच्या सरासरीचे तीन आकडे पडद्यावर दिसतात. टेनेक्स या प्रणालीत ही सरासरी १९७३ साली वापरात होती; ‘टॉप’ हा कार्यक्रम १९८४ मधील आहे.

प्रोसेसर वापरीत असलेल्या व त्यासाठी रांगेत थांबलेल्या प्रक्रिया ठराविक अंतराने मोजतात. सरासरी काढताना ताज्या मोजणीस अधिक महत्त्व देतात आणि जुन्या मोजणीचे महत्त्व घातांकी प्रमाणात घटत जाते. पहिला आकडा तिसऱ्याहून मोठा असल्यास ताण वाढत आहे, लहान असल्यास ओसरत आहे, असे समजतात. मूल्य प्रोसेसरांच्या संख्येशी ताडून पाहावे लागते : ४ हे मूल्य एकाच प्रोसेसरच्या यंत्रात सरासरीने तीन प्रक्रिया खोळंबल्याचे, तर चार प्रोसेसरांच्या यंत्रात ते सर्व कामात गुंतल्याचे निदर्शक असते.

लिनक्स प्रणालीत १९९३ पासून चकतीवरील वाचन-लेखन पूर्ण होण्यासाठी अखंड प्रतीक्षेत असलेल्या प्रक्रियाही या मोजणीत धरतात. त्यामुळे चकती मंदावल्यास प्रोसेसर बहुतांशी रिकामा असूनही मूल्य चढते. अशा वेळी प्रोसेसर वाढविल्याने ताण कमी होत नाही. म्हणून निदान करण्यापूर्वी ‘व्हीएमस्टॅट’ आज्ञेने प्रोसेसरचा रिकामा व प्रतीक्षेतील वेळ आणि ‘पीएस’ आज्ञेने प्रत्येक प्रक्रियेची अवस्था पाहतात. ‘पीएस’च्या तक्त्यातील ‘आर’ हे अक्षर चालू वा सज्ज प्रक्रिया दर्शविते, तर ‘डी’ हे अखंड प्रतीक्षा दर्शविते.