हस्तकलेचा कोपरा : जागा फुटांत नको, मिनिटांत मोजा

आज आपण घरातल्या हस्तकलेच्या जागेबद्दल बोलणार आहोत. शिवण, भरतकाम, क्रोशे, गोधडी, रंगकाम, रुखवताच्या वस्तू, यांतलं जे काही तुम्ही हातानं करता, त्यासाठी राहत्या घरात जागा कशी करायची, हा आजचा विषय.

हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "आमच्याकडे वेगळी खोली कुठे आहे?" मुंबईत वन बीएचके असो, बंगळुरूत भाड्याचा फ्लॅट असो की इंदूरमधलं एकत्र कुटुंबाचं घर असो, वेगळी खोली बहुतेकांकडे नसतेच. पण खोली ही पहिली गरज नाही. आधी एक साधी मोजणी करा. "आता जरा शिवायला बसू" असं मनात आलं, तिथून पहिला टाका पडेपर्यंत किती मिनिटं जातात, ते घड्याळ लावून बघा.

मशीन दिवाणाखाली, दोरे माळ्यावर, कात्री स्वयंपाकघरात, कापड सुटकेसमध्ये. सगळं गोळा करून बसेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. संध्याकाळी जेवणाचं टेबल मोकळं करायचं म्हणून आवरायला आणखी पंधरा. दुपारचा एक तास हाताशी होता, त्यातली चाळीस मिनिटं काढण्या-ठेवण्यात संपली आणि शिवण झालं वीस मिनिटं. असं दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. मग घरात बोललं जातं, "हौसेनं मशीन घेतली, आता धूळ खात पडलीय." दोष हौसेचा नसतो, मांडणीचा असतो.

म्हणून आपलं उद्दिष्ट असं ठेवू : पाच मिनिटांत बसता यावं, पाच मिनिटांत उठता यावं आणि अर्धवट काम जसंच्या तसं सुरक्षित राहावं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हातानं केलेलं कुठलंही मोठं काम एका बैठकीत होत नाही. ज्या घरात अर्धवट काम ठेवायला जागा नाही, तिथे काम पूर्णही होत नाही.

आधी कामाचा स्वभाव ओळखा

सगळ्या हस्तकलांना एकच जागा लागत नाही. ढोबळमानानं तीन प्रकार पडतात.

पहिला, मांडीवरचं काम. भरतकाम, क्रोशे, विणकाम, मण्यांचं काम. याला टेबल लागत नाही. चांगला उजेड, पाठीला टेकू आणि हातात उचलून नेता येईल अशी पिशवी किंवा टोपली पुरते.

दुसरा, बैठकीचं काम. शिलाई मशीन, कापड बेतणं, कागदकाम. याला पक्का पृष्ठभाग, विजेचा पॉइंट आणि शक्यतो न हलणारी जागा हवी.

तिसरा, सांडणारं किंवा वास येणारं काम. रंग, डिंक, माती, रेझिन. याला हवा खेळती हवी, पुसता येणारी फरशी हवी आणि स्वयंपाकापासून लांब जागा हवी. बाल्कनी, गॅलरी किंवा गच्चीचा आडोसा इथे उपयोगी पडतो.

तुम्ही जे काम सर्वात जास्त करता, त्याला घरातली उत्तम जागा द्या. वर्षातून एकदा, गणपतीच्या मखरासाठी निघणारं पुठ्ठ्याचं सामान माळ्यावर गेलं तरी चालेल. रोजची कात्री माळ्यावर जाता कामा नये.

कोपरा कुठे करायचा?

शिवणासाठी साधारण तीन फूट बाय दोन फुटांचा कोपरा पुरतो. बेडरूममधली खिडकीजवळची भिंत, पॅसेजचं टोक किंवा हॉलमधल्या कपाटाच्या बाजूची फट बघा. भिंतीला घडी होणारी फळी बसवली, तर काम झाल्यावर ती खाली पाडता येते. भाड्याच्या घरात भोकं पाडायची परवानगी नसेल, तर घडीचं टेबल आणि चाकांची तीन कप्प्यांची ट्रॉली घ्या. ट्रॉलीचा फायदा असा की सामान तुमच्याकडे येतं आणि घर बदललं की तीही सोबत निघते.

पायमशीन घरात असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. तिचं टेबल हीच तुमची जागा. फक्त त्यावर इस्त्रीचे कपडे आणि वर्तमानपत्रं साठू देऊ नका.

जेवणाचं टेबल वापरायचं असेल, तर तिथे एक मोठा सपाट ट्रे किंवा प्लायवूडचा तुकडा ठेवा. त्यावर काम मांडायचं आणि जेवायच्या वेळी ते तसंच उचलून दिवाणावर किंवा कपाटावर ठेवायचं. एवढ्याने आवरण्याचा वेळ पंधरा मिनिटांवरून दोनवर येतो.

उंची आणि उजेड

पाठदुखीचं कारण बऱ्याचदा टेबलाच्या उंचीत असतं. आपलं जेवणाचं टेबल साधारण 30 इंच उंच असतं. बसून काम करायला ते ठीक आहे, पण उभं राहून कापड बेतायला ते खाली पडतं आणि कंबर वाकते. उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा. कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असलेला पृष्ठभाग बेतायला सोयीचा. टेबलाच्या पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे लावून उंची वाढवता येते, मात्र ते डगमगत नाहीत ना, हे तपासा. मशीनवर बसताना खांदे वर उचलले जात असतील, तर खुर्ची उंच करा, उशी घ्या.

गोधडीसारखं मोठं काम जमिनीवरच होतं. खाली स्वच्छ जुनी चादर अंथरा, त्यावर थर पसरा, कच्चे टाके घाला. त्यानंतर गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळून मधल्या पट्ट्यावर काम करता येतं आणि पसारा खोलीभर होत नाही. भिंतीला टेकून बसा, अर्ध्या तासानं उठून दोन फेऱ्या मारा.

उजेड डाव्या बाजूनं यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट बाजू धरावी. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, म्हणून तो उजेड एकसारखा असतो. दिवा घेताना खोक्यावरचे दोन आकडे बघा. 4000 केल्विनच्या आसपासचा प्रकाश फार पिवळाही नसतो, फार निळाही नसतो. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो 90 किंवा जास्त असेल तर चांगलं. तरीही साडीला फॉलचा दोरा जुळवायचा असेल, तर तो दिवसाच, खिडकीशी जाऊन निवडा.

सामान लावताना

नवे डबे आणायच्या आधी सगळं सामान एकदा जमिनीवर काढा. सारखं सारख्याजवळ ठेवा. एकाच छटेची सहा रिळं आणि न चालणारे चार मार्कर इथेच सापडतील. जुना दोरा हातानं ताणून बघा. सहज तुटला तर तो ठेवण्यात अर्थ नाही, शिवलेलं उसवेल.

मग तीन थर करा. रोज लागणारं, म्हणजे कात्री, टेप, टेलरचा खडू, सुया, दोन-तीन रिळं, हात लांबवला की मिळालं पाहिजे. आठवड्याला लागणारं त्याच खोलीत. क्वचित लागणारं वर किंवा दिवाणात.

आपल्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला की आत सुईदोरा निघतो, हे घरोघरचं सत्य. डबा चांगलाच आहे, पण आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. एक चिठ्ठी चिकटवा. मणी, टिकल्या, बटणांसाठी पारदर्शक डबे बरे. कापडाचे तुकडे एकाच मापाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून पुस्तकांसारखे उभे लावा, म्हणजे खालचा काढताना ढीग कोसळत नाही. प्रत्येकाला माप लिहिलेला कागद टाचा : "अस्तर, सव्वादोन मीटर". दुकानात असताना हा आकडा फोनमध्येही असला, तर दुबार खरेदी टळते.

कापडाची आणि कागदाची कात्री वेगळी ठेवा. कागदानं धार लवकर जाते. कापडाच्या कात्रीला रंगीत दोरा बांधला की घरातल्या सगळ्यांना ओळख पटते.

आता अर्धवट काम. प्रत्येक कामाची एक पिशवी करा. तिच्यात कापड, त्याच रंगाचा दोरा, भरलेली बॉबिन, बटणं, हूक आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पुढचं पाऊल लिहायचं : "डावी बाही जोडायची". महिन्यानं पिशवी उघडली तरी डोकं खाजवावं लागत नाही. अशा पिशव्या तीनच ठेवायच्या. चौथं काम सुरू करायचं असेल, तर आधी एक पूर्ण करा.

गावाची हवा बघून ठेवण

मुंबई, कोकण, गोव्याकडे पावसाळ्यात सुया गंजतात, कापडाला वास येतो. सुया आणि पिना घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कात्रीला मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा, वापरण्याआधी पुसा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या. नवं फर्निचर करताना ओलीच्या जागी आयएस 710 चा शिक्का असलेलं प्लायवूड मागा. ते पाण्याला जास्त टिकतं.

दिल्ली, ग्वाल्हेर, नागपूरकडे उन्हाळ्याची धूळ आणि कोरडी हवा त्रास देते. मशीनला कायम कापडी झाकण हवं. रंगाच्या ट्यूब, डिंक यांची झाकणं जरा सैल राहिली तरी ते सुकून जातात. दोऱ्यांची मांडणी भिंतीवर छान दिसते, पण थेट उन्हात रंग उडतो आणि दोरा कमजोर होतो.

कसर सगळीकडेच लागते. तिला खळ आवडते, म्हणून खूप दिवस ठेवायचं सुती कापड खळ न घालता, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. लोकर आणि रेशमाला लागणारी अळी वेगळी. ती मळक्या कपड्यांवर जास्त येते, म्हणून तेही स्वच्छ करूनच ठेवा. जरीचं कापड मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला. लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी डांबरगोळ्या ठेवू नका.

जिथे निष्काळजी चालत नाही

घरात लहान मूल असेल तर सुया मोजून काढा आणि मोजून ठेवा. लायटिंगच्या पणत्यांमधल्या बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटे लोहचुंबक कुलपातच हवेत. मुलानं गिळले तर आतून गंभीर इजा होते, अशा वेळी वाट न बघता दवाखाना गाठा.

1000 वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज घेते, ती साध्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर चालते. पण 2000 वॅटच्या वाफेच्या इस्त्रीला जवळजवळ 9 अँपिअर लागतात. तिला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको.

तैलरंगात जवस तेल असतं. त्यानं भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून उघड्यावर वाळवा, मग टाका. रेझिनचं काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करा, झोपायच्या खोलीत नको. प्लास्टरचं भांडं बेसिनमध्ये धुऊ नका, ते पाइपात घट्ट होऊन बसतं.

शेवटचा मुद्दा, घरच्यांशी बोलण्याचा

घरात मुलांचं अभ्यासाचं टेबल असतं, कुणाची पेपर वाचायची खुर्ची असते. शिवणाऱ्या बाईचं सामान मात्र पलंगाखाली. तिचं काम रिकाम्या वेळातलं समजलं जातं, म्हणून त्याला जागाही उरलेली मिळते. पण त्याच हातांनी घरातले पडदे होतात, उसवलेले गणवेश दुरुस्त होतात आणि अनेक घरांत फॉल-पिको, ब्लाऊजच्या ऑर्डरींचे पैसेही येतात. ऑर्डर घेत असाल तर गिऱ्हाइकाचं कापड स्वतःच्या कापडात मिसळू नका. नाव, माप आणि द्यायची तारीख लिहून वेगळ्या पिशवीत, वेगळ्या फळीवर ठेवा. ती फळी घरात इतर कुणी वापरायची नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

घरच्यांकडे खोली मागू नका. तीन फूट बाय दोन फूट मागा आणि "हे काम अर्धं असलं तरी कुणी हलवायचं नाही" एवढा एक नियम मागा. महिनाभर करून बघा. महिन्याच्या शेवटी पुन्हा घड्याळ लावा. मिनिटं कमी झाली असतील तर जागा बरोबर निवडली आहे. झाली नसतील तर कोपरा बदला.

तुमची मिनिटं आधी किती होती आणि आता किती झाली, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.