विजेची सायकल – लेखांक ६ : लहान चार्जर निवडताना

मागच्या आठवड्यात आपण बॅटरी पॅकच्या आतली मांडणी पाहिली. आज त्या पॅकला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे वळू. सायकलीबरोबर आलेला चार्जर घरी राहावा आणि दुसरा एखादा कामाच्या ठिकाणी किंवा पिशवीत असावा, ही गरज रोज सायकल चालवणाऱ्याला लवकरच भासते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन आपण ‘लहान, हलका, स्वस्त’ असा काहीतरी मागतो. माझं आग्रहाचं म्हणणं असं, की हे तीन शब्द सगळ्यात शेवटी यावेत. आधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. हा डबा नेमक्या किती व्होल्टला थांबतो? आणि बॅटरीने त्याच्या ताकदीबाहेरचा करंट ओढायला घेतला तर तो काय करतो?

पहिल्या प्रश्नात लोक फसतात ते पॅकवरच्या ‘४८ व्होल्ट’ या छापामुळे. लिथियम-आयन जातीचे १३ सेल एकापुढे एक जोडले, तरी त्या पॅकला ४८ व्होल्टचा म्हणतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२० व्होल्टला पोचतो, म्हणजे पॅक ५४.६ व्होल्टला. १४ सेलचा पॅक भरतो ५८.८ व्होल्टला, त्याला कुणी ५२ म्हणतं, कुणी ४८. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो, त्यामुळे त्याच्या १५ सेलच्या पॅकला ५४.७५ लागतात आणि १६ सेलच्या पॅकला ५८.४. बारा-बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांची रांगही ४८ व्होल्टचीच, आणि तिचा चार्जर साधारण ५८ व्होल्टपर्यंत चढून पुढे तास न् तास हलका करंट सोडत राहतो. एकाच छापाखाली एवढे निरनिराळे पॅक असतात. १३ सेलच्या पॅकला ५८.८ व्होल्टचा चार्जर लावला, तर हिशेबाने प्रत्येक सेलवर ४.५२ व्होल्ट येतात. त्या वेळी सेल आणि अपघात यांच्यामध्ये फक्त बीएमएस (पॅकच्या आतलं संरक्षक सर्किट) उभा असतो, आणि त्याच्यावर रोजचा भार टाकणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून दुकानात ‘४८चा द्या’ असं सांगू नका. सेलची जात कोणती आणि रांगेत किती, हे पॅकच्या लेबलवर शोधा. नाही सापडलं तर जुन्या चार्जरवर ‘आउटपुट’पुढे छापलेला आकडा पाहा. दशांश चिन्हापुढच्या अंकासकट तो लिहून घ्या.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच जास्त महत्त्वाचा. सीसीटीव्ही किंवा एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) स्वस्त असतो, त्याचं व्होल्टेज स्क्रूने थोडं वरखाली करता येतं, आणि मग ‘५४ व्होल्ट करून लावू या की’ असा मोह होतो. काय घडतं ते पाहा. रिकामा झालेला १३ सेलचा पॅक ४० व्होल्टच्या आसपास असतो. एसएमपीएसवर ५४ आहेत. फरक १४ व्होल्टचा, आणि पॅकचा अंतर्गत रोध जेमतेम एक दशांश ओहम. ओहमच्या नियमाने मागणी झाली १४० अँपिअरची! असे बरेच एसएमपीएस अतिभार दिसताच बंद पडतात, क्षणभराने पुन्हा सुरू होतात, पुन्हा बंद पडतात. चार्जिंग होत नाही, आतले भाग मात्र तापत राहतात. साध्या एसएमपीएसचं काम व्होल्टेज स्थिर ठेवण्याचं. बॅटरीला सुरुवातीला हवा असतो स्थिर करंट आणि अखेरीस स्थिर व्होल्टेज. घागर भरताना आधी नळ पूर्ण सोडावा आणि काठाशी पाणी आलं की बारीक करावा, तसं. हा बदल ज्याला आपणहून करता येतो तोच डबा चार्जर म्हणून चालेल. माहितीपत्रकात त्यासाठी ‘स्थिर करंट’ किंवा ‘करंट लिमिटिंग’ असे शब्द असतात. ते नसतील तर तो डबा सोडून द्या, कितीही लहान असला तरी.

जगभरच्या हौशी सायकलकारांनी यावर एक चांगली वाट शोधली आहे. ती म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांसाठी बनवलेला एलईडी ड्रायव्हर. एलईडीलाही स्थिर करंटच लागतो. मीन वेल या तैवानी कंपनीचा एचएलजी-१८५एच-५४ए हा नमुना मी उदाहरणासाठी घेतो. ५४ व्होल्ट, ३.४५ अँपिअर, सुमारे १८६ वॉट. २७ ते ५४ व्होल्टच्या दरम्यान तो करंट स्थिर ठेवतो, म्हणजे ४० व्होल्टचा रिकामा पॅकही त्याच्या पट्ट्यात बसतो. नावातल्या शेवटच्या ‘ए’चा अर्थ, रबरी बुचाखाली व्होल्टेज आणि करंट कमीजास्त करण्याचे दोन प्रीसेट (बारीक स्क्रू) आहेत. पंखा नाही, पाण्याधुळीपासून संरक्षण आहे, आणि ९० पासून ३०५ व्होल्टपर्यंतची मेनची वीज तो चालवून घेतो. आपल्या गावाकडे संध्याकाळी दाब किती खाली येतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या शेवटच्या गुणाची किंमत कळेल. वजन मात्र किलोच्या वर. पिशवीत रोज वागवण्यापेक्षा कामाच्या जागी भिंतीला कायमचा बसवण्यासाठी तो उत्तम.

त्याचा प्रीसेट ५४.० व्होल्टवर ठेवला तर १३ सेलच्या पॅकमध्ये प्रत्येक सेलला ४.१५ मिळतात. पल्ला थोडा कमी होतो, सेलचं आयुष्य वाढतं, आणि रोजच्या ठरावीक अंतरासाठी हा सौदा मला नेहमीच योग्य वाटत आला आहे. एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. खरा चार्जर करंट बारीक झाल्यावर स्वतः बंद होतो, ड्रायव्हर तसाच जोडलेला राहतो. तेव्हा मेनच्या बाजूला टायमर लावा.

करंट किती हवा? १२.५ अँपिअर-अवरच्या पॅकला ३.४५ अँपिअरने साधारण चार ते पाच तास लागतात, शेवटचा बारीक धारेचा वेळ धरून. कामाच्या पाळीत हे आरामात बसतं. दुप्पट करंटचा डबा घेण्याआधी बीएमएसची चार्जिंग मर्यादा आणि चार्जिंग पिनची क्षमता पाहा. अनेक पॅकमध्ये ही मर्यादा डिस्चार्जपेक्षा बरीच कमी असते.

आकाराचा विचार आता करू. डबा लहान करायचा तर उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग कमी उरतो, म्हणून मुळात उष्णताच कमी निर्माण व्हायला हवी. २०० वॉट देताना ८८ टक्के कार्यक्षमतेचा डबा सुमारे २७ वॉट स्वतः तापण्यात घालवतो, ९४ टक्क्यांचा १३. तेव्हा माहितीपत्रकात लांबीरुंदीच्या आधी कार्यक्षमता वाचा. मुठीएवढा डबा आणि त्यावर मोठ्या अँपिअरचा दावा दिसला, तर ती उष्णता कुठे जाते हे विक्रेत्याला विचारा. विदर्भातल्या मे महिन्यात हा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नयेत असं त्यांचे निर्मातेच सांगतात. दुपारी उन्हात उभी असलेली सायकल आधी सावलीत आणून निववावी, मग चार्जिंगला लावावी.

‘यूएसबी-सी’ने सायकल चार्ज होईल का, हाही प्रश्न आता येऊ लागला आहे. २०२१ साली त्या मानकाची मर्यादा ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत वाढवली गेली. वॉट पुरेसे आहेत, पण ५४.६ व्होल्टचा पॅक ४८ने भरत नाही. मध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट लागतं, आणि ते पॅकच्या निर्मात्याने आतच बसवलेलं असेल तरच मी ते वापरीन.

न्यूयॉर्क शहरात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनी माणसं दगावल्यावर २०२३ साली कायदा झाला आणि तिथे विकल्या जाणाऱ्या विजेच्या सायकलींना यूएल २८४९ प्रमाणपत्र बंधनकारक झालं. हे मानक मोटर, बॅटरी आणि चार्जर यांची एकत्र तपासणी करतं. चार्जर बदलला की ती तपासलेली जोडी मोडते, आणि जबाबदारी आपल्याकडे येते. वॉरंटीत असलेल्या सायकलीसाठी म्हणूनच माझा सल्ला असा, की निर्मात्याकडूनच दुसरा चार्जर घ्या. वर सांगितलेली वाट वॉरंटी संपलेल्या किंवा स्वतः बांधलेल्या पॅकसाठी.

ती वाट धरणार असाल तर मेनच्या बाजूला तीन पिनांची, अर्थिंग असलेली वायर जोडा, आणि हे काम येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या. बॅटरीच्या बाजूला फ्यूज घाला. पॅक न जोडता मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून प्रीसेट लावा, मग रबरी बूच घट्ट बसवा. चार्जिंग झाल्यावर पॅकची पिन काढून ठेवा. नाहीतर बंद डब्याच्या आतली सर्किटं बॅटरीतून थोडी थोडी वीज ओढत राहतात. पहिलं चार्जिंग दिवसा, दारात किंवा गच्चीवर सावलीत, जिन्याची वाट अडणार नाही अशा ठिकाणी करा आणि तिथेच थांबा. दर अर्ध्या तासाने डबा, वायर आणि पिन हाताने चाचपून पाहा. पिन डब्यापेक्षा जास्त तापत असेल तर दोष जोडणीत आहे.

पुढच्या लेखांकात याच जोडणीकडे, म्हणजे पिना, सॉकेट आणि वायरची जाडी याकडे वळू.