कात्री आपल्याच पेशीतली

२०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं ज्ञानोबांची पालखी विश्रांतवाडीच्या चौकातून गेलीच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ज्या कोरोना विषाणूने आळंदी रस्ता असा ओस पाडला, त्याने आपल्या पेशींशी काय व्यवहार केला, हे आता मागे वळून नीट पाहता येतं.

विषाणूचं काटेरी प्रथिन आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतं, हे २०२०च्या सुरुवातीलाच कळलं होतं. एप्रिलअखेर सॅन फ्रान्सिस्कोतल्या नेव्हन क्रोगन यांच्या गटाने विषाणूची २६ प्रथिनं मानवी पेशींत घालून पाहिली आणि त्यांचे मानवी प्रथिनांशी ३३२ संबंध नोंदवले. त्यावरून जुनी औषधं नव्याने वापरण्याची मोठी आशा निर्माण झाली. त्यातली बहुतेक रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली नाहीत.

मग २०२१ उजाडलं. अमरावतीकडे रुग्ण वाढू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सारा चेरियन, वर्षा पोतदार आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या नमुन्यांची जनुकं वाचली, तेव्हा काटेरी प्रथिनात एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर हे बदल एकत्र दिसले. पहिले दोन एसीई-२ला चिकटणाऱ्या भागात आहेत. मला तिसरा अधिक महत्त्वाचा वाटतो. ६८१व्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल जाऊन आर्जिनीन आलं. तिथेच शेजारी आपल्या पेशीतलं फ्युरिन हे प्रथिन कात्रीसारखं चालतं आणि काटेरी प्रथिनाचे दोन तुकडे करतं. आर्जिनीनमुळे ते काम अधिक सहज होऊ लागलं, आणि असं आधीच कापलेलं प्रथिन घेऊन बाहेर पडलेला विषाणू पुढच्या पेशीत झटकन शिरू लागला. हाच बदल विषाणूच्या डेल्टा या प्रकारातही होता.

दुसऱ्या लाटेचं खापर आपण गर्दीवर फोडलं. गर्दी होतीच, पण एका अमिनो आम्लाचा हिशेब त्यात धरायलाच हवा.

२०२१च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉनने वाट बदलली. पेशीच्या पृष्ठभागावर काटेरी प्रथिन कापणाऱ्या टीएमपीआरएसएस-२ या मानवी प्रथिनावर तो कमी विसंबतो. फुप्फुसाच्या पेशींत त्याची वाढ मंदावण्याचं हे एक कारण मानलं जातं. त्याच प्रथिनाला रोखणारं कॅमोस्टॅट हे औषध प्रयोगशाळेत चाललं, पण डेन्मार्कमधल्या रुग्णालयांतल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. उपयोगी पडलेलं निरमॅट्रेलविर हे औषध मात्र विषाणूच्या स्वतःच्या प्रोटीएजला, म्हणजे त्याच्याच कात्रीला, अडवतं.