लंडनच्या आरोळ्या

इंग्रज चित्रकार पॉल सँडबीची फेरीवाल्यांची जलरंगचित्रं मला फार मोलाची वाटतात. अठराव्या शतकात घाम गाळून पोट भरणाऱ्या माणसाकडे त्याच्याइतकं निरखून फार थोड्यांनी पाहिलं.

चित्रांचा प्रकार

फेरीवाल्यांची चित्रं काढायची आणि खाली त्यांची आरोळी छापायची, ही चाल युरोपात जुनी होती. लंडनमध्ये अशा संचांना ‘क्राइज’, म्हणजे आरोळ्याच, म्हणत.

नकाशावाल्याचा हात

सँडबी मूळचा नॉटिंगहॅमचा. स्कॉटलंडमधल्या १७४५ च्या बंडानंतर तिथल्या डोंगराळ मुलखाची लष्करी मोजणी निघाली, त्या कामावर तो ऐन तरुणपणी नकाशे काढायला लागला. डोळ्यांना दिसेल तेवढंच कागदावर उतरवायचं, ही शिस्त पुढे माणसं रेखाटतानाही सुटली नाही. आधी पेन्सिल, मग तपकिरी शाईची रेघ आणि वर पातळ रंगाचे हात.

कोण काय विकतं

या चित्रांतली कोळीण आपल्या बांगड्याच्याच कुळातला मॅकरेल विकते: एका ग्रोटला, म्हणजे चार पेन्सला, तीन. हा मासा इतक्या लवकर नासतो, की १६९८ च्या कायद्याने तो रविवारीही विकायची मुभा दिली होती. म्हणजे कोळणीला रविवारीही सुट्टी नाही. एक जण मांजरांसाठी फुप्फुसं आणि कुत्र्यांसाठी काळीज घेऊन दारोदार फिरतो. एक बाई फाशी गेलेल्याचा शेवटचा कबुलीजबाब विकते. हे कागद बहुधा फाशीआधीच छापून तयार असत. फाशीच्या दिवशी टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, गर्दी उसळे, तोच त्यांचा बाजार. त्या बाईच्या पोटापाण्याचा विचार मनात आला, की चित्रावरून नजर हलत नाही.

एकच भाग

१७६० मध्ये यातली बारा चित्रं कोरून ‘पहिला भाग’ म्हणून छापली. दुसरा निघालाच नाही. मला वाटतं, फाटके कपडे आणि राकट चेहरे दिवाणखान्यात टांगायला गिऱ्हाईक तयार नसावं. १७९० च्या दशकात फ्रान्सिस व्हीटलीने हाच विषय घेतला, पण त्याच्या विक्रेत्या गोऱ्यागोमट्या, नीटनेटक्या. ती चित्रं तुफान खपली आणि पुढे बिस्किटांच्या डब्यांवरही चढली. सँडबीची बरीचशी मूळ जलरंगचित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत.