‘दीपक’ व ‘शक्ति’ : नामसादृश्याचा एक प्रश्न

लढणाराचें नांव इतिहासांत राहतें. रसद पोंचविणाराचें सहसा राहत नाहीं. खानदेशांतून दक्षिणेंत उतरणाऱ्या फौजांना लमाणांचे तांडे बैलांवरून धान्य पुरवीत. त्यांच्या नायकांचीं नांवें आज कितीजणांस सांगतां येतील?

समुद्रावरहि हाच न्याय. इंधन संपत आलें कीं लढाऊ जहाजास बंदर गांठावें लागतें. तेलवाहू जहाज बरोबर असल्यास दोन्ही समांतर चालत असतांच नळीनें तेल देतां येतें व आरमार समुद्रांतच राहतें. ४ डिसेंबर १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या मोहिमेंत ‘पोषक’ नांवाचें असेंच जहाज होतें; परंतु लोकांच्या स्मरणांत राहिल्या त्या क्षेपणास्त्रनौका.

आपल्या नौदलांतील या वर्गाचा वृत्तान्त जुळवितांना मुख्य अडचण येते ती नामसादृश्याची. पहिलें ‘दीपक’ जर्मनींतील ब्रेमर व्हल्कन कारखान्यांत बांधलेलें. तें १९६७ पासून १९९६ पर्यंत सेवेंत होतें. त्याच्या जोडीचें पहिलें ‘शक्ति’ १९७६ च्या सुमारास आलें व २००७ मध्यें निवृत्त झालें. दुसरी जोडी इटलींतील फिंकांतिएरी कंपनीची. तींतील ‘दीपक’ २१ जानेवारी २०११ रोजीं मुंबईस व ‘शक्ति’ १ ऑक्टोबर २०११ रोजीं कोचीस नौदलांत दाखल झालें. प्रत्येकाची लांबी १७५ मीटर व भारासह वजन सुमारें २७,५०० टन. मधल्या काळांत १९९६ चें रशियन बांधणीचें ‘ज्योति’ व २००० सालचें कलकत्त्यास बांधलेलें ‘आदित्य’ यांनीं भार वाहिला.

यावरून निर्णय सोपा होतो. १९९२ च्या अखेरीस सोमालियाच्या साहाय्यार्थ गेलेलें ‘दीपक’ पहिलें. २०१३ मध्यें रशियाहून ‘विक्रमादित्य’ बरोबर आलेलें दुसरें. २००६ मध्यें लेबाननमधील आपल्या लोकांच्या सुटकेस गेलेल्या नौकांसोबतचें ‘शक्ति’ मात्र पहिलेंच, तीस वर्षांचें वृद्ध! १९९६ ते २०११ या अवधींतील ‘दीपक’ चा उल्लेख कोठें आढळल्यास तो संशयास्पद मानावा.

फारुकी घराण्यांत आदिलखान एकाहून अधिक झाले. सन पाहिल्यावांचून एकाचें कृत्य दुसऱ्याच्या पदरीं पडतें. जहाजांचेंहि तसेंच. दीप् धातूचा अर्थ उजळणें. स्वतः मागें राहून दुसऱ्याचा अग्नि पेटता ठेवणाऱ्या जहाजास ‘दीपक’ हें नांव यथार्थ होय. जळगांव-धुळें भागांतील जे कोणी या जहाजांवर चाकरीस होते, त्यांनीं आपल्या आठवणी लिहून ठेवाव्या. मात्र प्रत्येक आठवणीसोबत सन अवश्य घालावा.